पोथीत नसलेल्या प्रार्थना

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे जन्मून तीस दिवस व्हायच्या आत बाळ गेलं, तर त्याची 'शिवा', म्हणजे सात दिवसांचं सुतक, पाळायची नसते. घरोघरी बालमृत्यू होत त्या काळात ही सवलतच असावी. पण पोटातलं मूल गेलेल्या बाईला म्हणायला पोथीत काहीच नव्हतं. इंद्रधनुष्य दिसलं, शौचाहून आलं, तरी म्हणायचं वचन ज्या परंपरेत आहे, तिच्यात ही जागा कोरी राहावी हे खटकतंच. गेल्या चार-पाच दशकांत, विशेषतः अमेरिकेत, लिहिल्या गेलेल्या नव्या ज्यू कविता-प्रार्थनांतल्या बऱ्याचशा अशा कोऱ्या जागांसाठी आहेत: गर्भ पडणं, मुलीचं नाव ठेवणं, घटस्फोट.

ठरलेली प्रार्थना की मनातली, हा वाद मात्र जुना. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) एलिएझर म्हणतात की जो प्रार्थना ठरीव करतो, त्याची प्रार्थना विनवणी उरत नाही. तरी ती ठरीव झालीच. नवव्या शतकात बॅबिलोनियाच्या अम्राम गाओन यांनी स्पेनच्या ज्यूंना वर्षभराच्या प्रार्थनांचा क्रम लिहून पाठवला. 'सिद्दुर' या प्रार्थनापोथीची घडी तिथून बसली.

एलिएझरनी विनवणीसाठी वापरलेल्या हिब्रू शब्दाच्याच धातूपासून 'तखिने' हा शब्द आला. सतराव्या शतकापासून मध्य आणि पूर्व युरोपात बायकांसाठी यिद्दिशमध्ये छापल्या गेलेल्या या प्रार्थना. बहुतेकींना हिब्रू शिकवलेलं नसे, आणि देवाशी बोलायचं तर बाळंतपणाबद्दल, चुलीबद्दल, मेलेल्या माणसांबद्दल. अठराव्या शतकातल्या सारा बास तोवीम यांची एक तखिने योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या मेणबत्त्यांची आहे. बायका दोरा घेऊन दफनभूमीत जात, कबरींभोवती तो फिरवून मापत आणि त्याच दोऱ्याच्या वाती करत. एकेक वात घालताना पूर्वजांची नावं घेऊन मागणं मागायचं. नव्या प्रार्थनांना 'आधुनिक फॅड' म्हणणाऱ्यांनी ही वात एकदा नजरेसमोर आणावी.

1855 साली मोराव्हियातल्या फॅनी नॉयडा यांनी जर्मनमध्ये बायकांसाठी प्रार्थनासंग्रह काढला. रब्बी असलेला नवरा आदल्याच वर्षी वारला होता. मुलगा सैन्यात गेलेल्या आईची प्रार्थना त्यात आहे, संसारात सुख नसलेल्या बायकोचीही.

आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंनीही भाषेचा प्रश्न आपल्या परीने सोडवला. 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीत, सणाच्या मात्झा (बेखमीर भाकरी) करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. साखरपुडा, नवस, नवं घर अशा प्रसंगी पोहे-खोबऱ्याचा मलिदा आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचं गाणं असतंच.

अमेरिकेत वेग आला तो 1960नंतर. 1969 साली, मार्टिन लूथर किंग यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, वॉशिंग्टनमध्ये आर्थर वास्को यांनी गुलामीतून सुटकेची हग्गादा काळ्यांच्या लढ्याशी जोडून वाचली. 1972 साली सॅली प्रिसँड तिथल्या पहिल्या महिला रब्बी झाल्या. कवयित्री मार्सिया फाल्क यांनी 1996च्या संग्रहात थेट साच्यालाच हात घातला: 'धन्य तू, विश्वाचा राजा' याऐवजी 'जीवनाच्या झऱ्याला आपण धन्य म्हणू या'. राजा गेला, पुल्लिंगी 'तू'ही गेला. अनेकांना हे पचलं नाही, आणि सनातनी सिनेगॉगमध्ये आजही चालत नाही.

त्यामानाने गायिका-गीतकार डेबी फ्रीडमन सहज रुजल्या. आजाऱ्यासाठीचं 'मी शेबेराख' हे जुनं वचन बापजाद्यांना आशीर्वाद देणाऱ्याला हाक मारतं. फ्रीडमन आणि द्रोरा सेटेल यांनी 1980च्या दशकात त्याचं गाणं केलं, हिब्रूत इंग्रजी मिसळली आणि बापजाद्यांशेजारी आयांनाही बसवलं. आता अमेरिकेतल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये ते गाण्याआधी लोक आपापल्या आजारी माणसांची नावं मोठ्याने घेतात. हिब्रू नाव घ्यायचं असेल, तर ते जुन्याच रीतीने, आईच्या नावासकट.