जपानी क्रियापद आणि माणसांमधले अंतर

मराठीत ‘येतो’, ‘येतेस’, ‘येतात’ यांपैकी कोणतेही एक रूप उच्चारले, की कर्ता सांगण्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही, कारण पुरुष, वचन आणि पुष्कळदा लिंगही क्रियापदातूनच कळते. जपानी क्रियापदात यांतले काहीच नसते. ‘इकु’ म्हणजे जाणे. मी जातो, तू जातेस, ते जातात, या सगळ्यांसाठी हे एकच रूप चालते. तरीही जपानी लोक बोलताना कर्ता सर्रास गाळतात आणि ऐकणाऱ्याचा सहसा गोंधळ उडत नाही. याला संदर्भाची मदत असतेच, पण मोठा वाटा ‘केइगो’ म्हणजे आदरार्थी भाषेचा आहे. ‘इत्सु इराश्शाइमास का’ (केव्हा येणार?) असा प्रश्न आला, तर तो स्वतःविषयी असणे शक्य नाही, कारण ‘इराश्शारु’ हे आदराचे क्रियापद कोणी स्वतःला लावत नाही, उलट ‘माइरिमास’ या नम्र रूपातून बोलणारा किंवा त्याच्या बाजूचे कोणी येणार, हे न सांगता कळते. केइगोला केवळ शिष्टाचाराचा अलंकार समजणे म्हणूनच अपुरे आहे.

केइगोचे तीन मुख्य प्रकार परंपरेने सांगितले जातात. ज्याच्याविषयी बोलायचे त्याला वर नेणारा ‘सोनकेइगो’, स्वतःला खाली घेणारा ‘केनजोगो’ आणि ऐकणाऱ्याशी सभ्यपणे बोलण्याचा ‘तेइनेइगो’. खाणे या एकाच क्रियेसाठी अनुक्रमे ‘मेशिआगारु’, ‘इतादाकु’ आणि ‘ताबेमास’ अशी रूपे येतात. विषय झालेल्या व्यक्तीचा आदर आणि समोरच्या श्रोत्याचा आदर या मात्र स्वतंत्र गोष्टी आहेत. मित्राला ‘सेनसेइ गा इराश्शात्ता यो’ म्हणताना शिक्षकांचा मान राखला जातो आणि मित्राशी सलगीही टिकते. आपल्या ‘सर आले रे’ या वाक्यात नेमके हेच घडते.

आपला अंदाज चुकतो तो पुढच्या टप्प्यावर. जपानी आदर केवळ वयावर आणि हुद्द्यावर ठरत नाही. ‘उचि’ (आतले) आणि ‘सोतो’ (बाहेरचे) ही सीमा त्याहून प्रभावी ठरते. कचेरीत विभागप्रमुख तानाका यांना कनिष्ठ कर्मचारी ‘तानाका-बुचो’ म्हणतो आणि त्यांच्यासाठी आदराची क्रियापदे वापरतो. मात्र बाहेरच्या ग्राहकाचा फोन आला, की तोच कर्मचारी ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’ असे सांगतो, म्हणजे तानाका सध्या जागेवर नाहीत. एरवी नावामागे लागणारे आदराचे ‘सान’ गळते, हुद्दा गळतो आणि क्रियापद नम्रतेचे येते, कारण ग्राहकासमोर साहेबही आपल्याच बाजूचे ठरतात. फोन तानाकांच्या पत्नीचा असेल, तर मात्र चित्र पुन्हा पालटते. आता ते पलीकडच्या घरचे असल्यामुळे ‘सान’ आणि आदराची रूपे परत येतात. कोरियन भाषेतही आदराची अशीच विस्तृत व्यवस्था आहे, पण तिथे बाहेरच्यांशी बोलतानाही परंपरेने साहेबांचा मान कायम राहतो. मराठी कचेरीतही ‘साहेब बाहेर गेलेत’ असेच उत्तर मिळते, तेव्हा या बाबतीत आपण कोरियनांच्या जवळचे आहोत.

हीच सीमा ‘देणे’ या क्रियेतही दिसते. आतून बाहेर द्यायचे असेल तर ‘आगेरु’, बाहेरून आत यायचे असेल तर ‘कुरेरु’. मित्राने माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिले, हे सांगताना ‘कुरेता’ म्हणावे लागते. तिथे ‘आगेता’ म्हटले, तर बहिणीला परक्यांत ढकलल्यासारखे वाटते.

घरातल्या संबोधनांचा बारकाईने अभ्यास भाषाशास्त्रज्ञ ताकाओ सुझुकी यांनी केला. वडीलधाऱ्यांना नात्याने हाक मारायची आणि धाकट्यांना नावाने, हा त्यांनी मांडलेला नियम दादा, ताई म्हणणाऱ्यांना नवा नाही. घरात मूल असेल, तर पत्नीही नवऱ्याला ‘ओतोसान’ म्हणजे बाबा म्हणते, कारण सर्वांत धाकट्याच्या नजरेतून नाती मोजली जातात. परक्यांशी बोलताना मात्र स्वतःच्या आईला ‘ओकासान’ न म्हणता साधे ‘हाहा’ म्हणणे शिष्टसंमत मानतात.

यावरून जपानी मन जात्याच उतरंडप्रिय आहे, असा निष्कर्ष लोकप्रिय लेखनात पुष्कळदा काढला जातो. तो घाईचा वाटतो. जावानीज भाषेतही आदराचे काटेकोर स्तर आहेत, आणि तिथला समाज जपानी समाजाची प्रतिकृती नव्हे. शिवाय केइगो स्थिर नाही. 1952 मध्ये जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने यापुढचा केइगो परस्पर आदरावर उभा असावा, असे सुचवले आणि ‘तुम्ही’साठी ‘आनाता’ हे प्रमाण रूप ठरवले. पहिली सूचना बऱ्याच अंशी रुजली, दुसरी फसली. वरिष्ठांना ‘आनाता’ म्हणणे आजही उद्धटपणाचे ठरते. त्यांना आडनावाने किंवा हुद्द्यानेच संबोधावे लागते.

2007 मध्ये सरकारी मार्गदर्शिकेने केइगोची पाच प्रकारांत नव्याने विभागणी केली. जपानी मुलेही नम्रतेची रूपे घरात पूर्णपणे शिकत नाहीत. एप्रिलमध्ये नोकरीवर रुजू होणाऱ्या नवशिक्यांना अनेक कंपन्या फोनवरचा केइगो मुद्दाम शिकवतात, आणि त्यात आपल्या साहेबांच्या नावामागचे ‘सान’ कधी गाळायचे, याचाही सराव असतो.