गिटहब पोर्टफोलिओ

गिटहब पोर्टफोलिओ म्हणजे गिटहबवर (कोड नेटवर ठेवायची साइट) आपण लिहिलेल्या कोडच्या रिपॉझिटरी (एकेका प्रोजेक्टचं फोल्डर, सगळे रेपोच म्हणतात) नीट लावून, त्यांना धड नावं आणि माहिती देऊन काम मागताना दाखवायचा संग्रह. आर्किटेक्चरची पोरं शीट्सचं बाड घेऊन फिरतात तसंच हे, फक्त इथे लिंक पाठवायची असते आणि बघणारा आपण समोर नसताना बघतो. सगळा घोळ इथेच होतो, कारण शेजारी बसून "नाही सर, ते असं चालतं" म्हणायला आपण नसतो, जे काय सांगायचं ते रेपोनेच सांगायचं.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, गिटहब त्यावरच चालतं) लिनस टॉरव्हाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. गिटहब आलं 2008 ला, आणि 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. पोर्टफोलिओच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची तारीख मात्र जानेवारी 2019. तोपर्यंत फुकट अकाउंटवर प्रायव्हेट रेपो मिळत नव्हते, म्हणजे पैसे भरायचे नसतील तर सगळा पसारा चारचौघात. तेव्हापासून फुकटातही हवे तितके रेपो झाकून ठेवता येतात, त्यामुळे काय दाखवायचं आणि काय नाही हा आता आपला निर्णय, "अहो ते जुनं आहे" ही सबब संपली.

प्रोफाईल पानावर सहा रेपो पिन करता येतात. सहा भरलेच पाहिजेत असं काही नाही, तीन चांगले असतील तर तीनच ठेवावेत, कारण टू-डू लिस्ट, कॅल्क्युलेटर आणि हवामान ॲप ही त्रिमूर्ती बघून बघून इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचे डोळे पिकलेत. 2020 पासून आणखी एक सोय आहे, आपल्या युजरनेमच्याच नावाचा पब्लिक रेपो काढून त्यात रीडमी (रेपोची माहिती सांगणारी फाईल) टाकली की ती थेट प्रोफाईलवर दिसते. तिथे चार ओळीत आपण कोण, कशात काम करतो, कुठे संपर्क करायचा एवढं पुरतं. पण लोक तिथे येणाऱ्यांचा काउंटर, पन्नास टेक्नॉलॉजीचे रंगीत बॅज, हिरवे चौकोन (काम नोंदलेल्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो) खात फिरणारा साप असं काय काय लावतात, अगदी गणपतीच्या मखराला लायटिंग करावी तसं, आणि मूर्ती कुठे आहे ते शोधावं लागतं.

रीडमी हा या सगळ्याचा गाभा. नाव कॅपिटल अक्षरात लिहायची पद्धत जुनी आहे, जुन्या सिस्टिममध्ये फाईलींची यादी काढली की कॅपिटल अक्षरं आधी यायची, म्हणून ही फाईल वर दिसायची. आता ती मार्कडाउनमध्ये लिहितात (जॉन ग्रुबरने 2004 मध्ये काढलेली साधी लिखाणपद्धत) आणि गिटहब ती रेपोच्या पानावर आपोआप उघडून दाखवतं. समजा कोणी एसटीच्या गाड्यांच्या वेळा शोधायचं ॲप केलंय. रीडमीची पहिली ओळ बहुतेक वेळा अशी असते: "हे रिॲक्ट, नोड आणि मोंगोडीबी वापरून बनवलेलं फुल स्टॅक ॲप्लिकेशन आहे". यातून वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही. त्याऐवजी "गावाचं नाव टाका, पुढच्या दोन तासात तिथून सुटणाऱ्या गाड्या दिसतात, नेट गेलं तरी शेवटची यादी फोनमध्ये राहते" एवढं लिहिलं की ॲप डोळ्यासमोर येतं, आणि नेट गेल्यावरचा विचार या माणसाने केलाय हेही न सांगता कळतं. त्याखाली एक स्क्रीनशॉट, मग चालवायच्या कमांड, आणि त्या कमांड दुसऱ्या कोऱ्या मशीनवर स्वतः टाकून बघितलेल्या असाव्यात, कारण "माझ्याकडे तर चालतंय" हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात जुनं रडगाणं. शेवटी काय राहिलंय, काय जमलं नाही तेही लिहावं. माझ्या मते हाच भाग सगळ्यात जास्त वाचला जावा असा असतो आणि नेमका तोच कोणी लिहीत नाही, कमीपणा वाटतो म्हणून.

कमिटची (कोडमध्ये केलेल्या बदलाची एकेक नोंद) हिस्टरीही वाचली जाते. पुण्यात, खरं तर सगळीकडेच, कॅम्पस प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये गिटहब लिंकचा रकाना असला की आदल्या रात्री धावपळ सुरू होते, फायनल इयरचं आख्खं प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये ओढून टाकलं जातं आणि रेपोत एकच कमिट उरतो, "ॲड फाईल्स व्हाया अपलोड", हा मेसेज आपण काही लिहिलं नाही की गिटहब स्वतःच टाकतं, त्यामुळे ओळखणारा एका नजरेत ओळखतो. दुसरा प्रकार "अपडेट", "अपडेट 2", "फायनल", "फायनल खरंच" असा. त्यापेक्षा "तारीख रिकामी असेल तर फॉर्म अडकत होता, ते दुरुस्त" हा कमिट बरंच काही सांगतो.

प्रोफाईलवरचे हिरवे चौकोन 2013 मध्ये आले. सलग किती दिवस काम केलं हा आकडाही आधी दिसायचा, तो 2016 मध्ये काढून टाकला आणि बरंच झालं, लोक आकडा तुटू नये म्हणून रोज रीडमीतला एक स्वल्पविराम हलवायचे. कमिटची तारीख गिटमध्ये हवी ती घालता येते, त्यामुळे हिरवंगार रान हा कष्टाचा पुरावा नाही. उलटही होतं, लॅपटॉपवर गिटमध्ये घातलेला ईमेल गिटहब अकाउंटला जोडलेला नसेल तर महिनोन् महिने काम करूनही चौकोन करडेच राहतात. तो ईमेल सेटिंगमध्ये जोडला की जुने कमिटही मोजले जातात.

काय टाकायचं नाही हे जास्त गंभीर. एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) किंवा डेटाबेसचा पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही फाईल चुकून गेली आणि पुढच्या कमिटमध्ये उडवली तरी ती हिस्टरीत बसलेलीच असते. आधी ती की रद्द करून नवीन घ्यायची, हिस्टरी साफ करायचं नंतर बघू. 2024 पासून पब्लिक रेपोत ओळखीच्या प्रकारची की पुश होताना (म्हणजे वर चढवताना) गिटहब मुळातच अडवतं, पण साधा पासवर्ड त्याला ओळखू येईलच असं नाही. नोड मॉड्यूल्सचं (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींचं) अगडबंब फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्याची यादी) टाकावं, 100 एमबीच्या वरची एकटी फाईल तर गिटहब घेतच नाही. आणि ऑफिसचा कोड ऑफिसचा, आपणच लिहिला असला तरी.

लायसन्सची फाईल लोक विसरतात. ती नसेल तर कोड दिसत असला तरी कॉपीराइट आपलाच राहतो आणि दुसऱ्याला तो वापरायची परवानगी मिळत नाही, म्हणून सहसा एमआयटी लायसन्स (नाव ठेवून कोणीही वापरा असं सांगणारं) टाकून मोकळे होतात. दुसऱ्याचे फोर्क केलेले (आपल्या अकाउंटवर प्रत घेतलेले) रेपो यादीत पडून असतील आणि त्यात आपलं काहीच नसेल तर काढून टाकावेत. जुनं पण बरं काम अर्काइव्ह करता येतं, म्हणजे वाचता येतं, बदलता येत नाही.

अर्काइव्हवरून आठवलं, 2 फेब्रुवारी 2020 ला गिटहबने त्यावेळच्या चालू पब्लिक रेपोंची प्रत घेतली आणि ती फिल्मवर उतरवून नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये एका जुन्या कोळशाच्या खाणीत नेऊन ठेवली, हजार वर्षं टिकावी म्हणून. आधीच्या अडीच-पावणेतीन महिन्यात एखादा कमिट झालेला रेपोही त्यात घेतला होता, त्यामुळे मोठमोठ्या प्रोजेक्टच्या शेजारी कॉलेजच्या पोरांची कितीतरी टू-डू ॲपंही तिथे बर्फात आहेत, रीडमी रिकामी असेल तर रिकामीच.