ढील दिली तरी न पडणारा पतंग

मी नाशिककडचा, त्यामुळे संक्रांत म्हणजे येवला आणि येवला म्हणजे आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुठेही पतंग दिसला की हात आपोआप आसारी फिरवायला लागतात. तर तिथे पोरांना एक गोष्ट न शिकवता कळते. पतंग खेचला की सरळ जातो, ढील दिली की गिरक्या घेतो. यामागचं कारण मला खूप उशिरा कळलं. दोरा ताणला की आडवी कमान मागे वाकते, दोन्ही बाजूंचा कागद मागे झुकतो आणि पतंगाला होडीच्या बुडासारखा हलका कोन येतो, त्या कोनामुळे तो वाऱ्यात स्थिर राहतो. ढील दिली की कमान परत सरळ, पतंग सपाट, आणि सपाट पतंगाला कुठे तोंड करायचं ते कळत नाही म्हणून तो फिरतो. आपण काय करतो, फिरू देतो, हवं तिकडे तोंड आलं की सटकन खेचतो. काटाकाटीचा सगळा खेळ या अस्थिरपणावर चालतो.

आता समुद्रावर या. काईटसर्फिंग म्हणजे कमरेच्या हार्नेसला अडकवलेला हवा भरलेला मोठा काईट, साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या चार दोऱ्या, हातात एक बार आणि पायाखाली बोर्ड. सपाट पाण्यात दोऱ्या सतत ताठ असतात, काईट खेचतो आणि तुम्ही जाता, विषय संपला. पण लाटेवर सर्फिंग करायचं असेल तर गंमत उलटी होते, कारण तिथे ओढायचं काम लाट करते आणि काईटची दोरी दर थोड्या वेळाने सैल पडते. म्हणजे येवल्यात जी ढील आपण मुद्दाम देतो ती इथे न विचारता मिळते, आणि त्या क्षणी काईटने गिरक्या घेऊन चालत नाही, गोता खाऊन तर अजिबात चालत नाही. लाटांसाठी काईट निवडताना लोक साइज आणि रंग बघत बसतात, मी पण तेच केलं होतं, पण खरा प्रश्न एकच आहे, दोरी सैल पडल्यावर हा काईट काय करतो?

थोडा हिशोब करू, अवघड नाही. लाट किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आली की तिचा वेग खोलीवर ठरतो, खोली गुणिले ९.८ आणि त्याचं वर्गमूळ. दोन मीटरची लाट साधारण अडीच मीटर खोलीवर फुटते, म्हणजे वेग आला सेकंदाला ५ मीटरच्या आसपास, तासाला १८ किलोमीटर, खलाशांच्या भाषेत जवळपास १० नॉट. वारा समजा १८ नॉट आहे आणि तो सरळ समुद्राकडून किनाऱ्याकडे येतोय. तुम्ही लाटेवर किनाऱ्याकडे निघालात की तुमच्या अंगाला लागणारा वारा उरतो ८ नॉट. बाईकवर मागून वारा असला की कसं सगळं शांत शांत वाटतं, तसंच. आणि काईटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून वारा अर्ध्याहून कमी झाला तरी ओढ मात्र थेट पाचव्या भागावर येते. वर तुम्ही लाटेच्या उतारावरून घसरताय म्हणजे लाटेपेक्षा जास्त वेगात, समजा १३ नॉट, मग उरला ५ नॉट.

५ नॉटमध्ये काईट तरंगेल का? नऊ चौरस मीटरचा काईट धरा, वजन साधारण तीन किलो. विमानाला लावतात तेच उचल बलाचं सूत्र लावलं आणि कापडाच्या उचलीचा आकडा अंदाजे ०.८ धरला तर त्याला स्वतःचं वजन पेलायला ५ नॉटच्या आसपास वारा लागतो. म्हणजे अगदी काठावर! दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरक इथे दिसतो. वजन २० टक्के कमी केलं तर लागणारा किमान वारा साधारण १० टक्क्यांनी खाली येतो, ऐकायला काहीच नाही वाटत, पण काठावर उभं असताना तेवढंच अंतर काईट वर राहणं आणि पाण्यात पडणं यात असतं.

म्हणून तर स्ट्रट कमी करायची फॅशन आली. काईटच्या पुढच्या कडेला एक जाड फुगवलेली नळी असते, तिला लीडिंग एज म्हणतात, आणि तिच्यापासून मागे जाणाऱ्या छोट्या नळ्या म्हणजे स्ट्रट. पाच स्ट्रटचा काईट आकार घट्ट धरतो, जोरदार वाऱ्यात फडफडत नाही, उंच उड्या मारायला मस्त, पण जड. एक स्ट्रटवाला पिसासारखा हलका, मंद वाऱ्यात भारी, पण वारा वाढला की मागचं कापड थरथरायला लागतं. लाटांवाले बहुतेक तीनवर थांबलेत, कॅब्रिन्हाचा ड्रिफ्टर घ्या, ओझोनचा रिओ घ्या, तीनच स्ट्रट, आणि मला हा मध्यममार्ग पटतो. आता अलूला नावाचं नवं कापड आलंय, नेहमीच्या डेक्रॉनपेक्षा हलकं आणि ताठ, त्यामुळे नळ्या बारीक करता येतात. किंमत विचारू नका, मी विचारली आणि परत ठेवून दिला.

पण फक्त हलका असून भागत नाही, तोल पण हवा. दोरीचा ताण गेला की काईट हे पायलट नसलेलं ग्लायडर होतं. सगळ्यात जड भाग म्हणजे ती पुढची नळी, त्यामुळे नाक खाली करून पुढे झेपावायची त्याची प्रवृत्ती असते. लांबट, अरुंद पंखांचे काईट या बाबतीत वाईट, कारण ते फार कार्यक्षम असतात. वाऱ्याला चिरत जवळपास तुमच्या डोक्यावर येऊन उभे राहतात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायला, लांब उडी मारायला एकदम बेस्ट, पण डोक्यावर असताना दोरी सैल पडली की ते तुम्हालाच ओलांडून पुढे जातात आणि मग दगडासारखे खाली. रुंद, आखूड पंखांचा काईट थोडा आळशी असतो, तो वाऱ्याच्या दिशेने जरा मागे, खोलवर उभा राहतो. आणि हा आळशीपणाच इथे कामाला येतो, तुम्ही त्याच्याकडे गेलात की तो नाक वर ठेवून तेवढाच मागे सरकतो, दोरी परत ताठ होते. याला ड्रिफ्ट म्हणतात. आपण बोलायला गेलो की आदबीने दोन पावलं मागे होणारी माणसं असतात ना, तसा.

माझा पहिला काईट १२ मीटरचा (बोलताना मीटर म्हणतात, अर्थ चौरस मीटर), पाच स्ट्रटचा, सेकंडहँड. विकणारा म्हणाला सगळीकडे चालतो. मोरजीला चाललाही. गोव्यात काईटिंगचा वारा साधारण फेब्रुवारी ते मे, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो, किनारा पश्चिमेला तोंड करून, म्हणजे वारा तिरका पण आत येणारा. लाटा त्या दिवसांत लहान असतात म्हणून माझं निभावलं. एक दिवस जरा कमरेएवढी लाट आली, मी खुशीत वळलो, काईट डोक्यावरून पुढे गेला आणि फेसात नाकावर पडला. पुढचं दृश्य आठवायला आवडत नाही.

पण ते सांगायला हवं, कारण काईट लाटेत पडला की काय होतं याचा आकडा भयंकर आहे. नऊ चौरस मीटर कापडावर नुसतं दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते झालं ९०० किलो, छोट्या कारएवढं. त्याला चार दोऱ्यांनी बांधलेले तुम्ही, आणि पुढची लाट येणार १०-१२ सेकंदात. म्हणून लाटेसाठीचा काईट पाण्यातून पटकन उठला पाहिजे, एक मागची दोरी ओढली की त्याचं टोक वारा पकडून त्याने बाजूला लोळत वर यावं. गंमत म्हणजे हवेच्या नळीच्या काईटचा जन्मच या कामासाठी झालाय. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कारण त्यांना पाण्यात पडूनही परत उडणारा काईट हवा होता. नंतर २००५ च्या सुमारास त्यांच्याच कल्पनेवरचे बो काईट बाजारात आले, मागची कड आत वळलेली, आणि पुढच्या नळीला कन्नीसारख्या दोऱ्या. त्यांच्यामुळे बार नुसता पुढे ढकलला की ओढ जवळपास बंद करता येते. आधीच्या काईटना हे नीट जमायचं नाही, त्या काळात किनाऱ्यावर हाडं मोडलेले लोक उगाच नव्हते.

ओढ बंद करता येणं लाटेवर फार मोलाचं आहे. वाऱ्याचा झोत १८ वरून २४ नॉटवर गेला की ओढ पावणेदोनपट होते, आणि नेमकं तेव्हा तुम्ही लाटेच्या पायथ्याशी वळण घेत असाल तर काईट तुम्हाला लाटेवरून उचलून बाहेर काढतो. सर्फिंग संपलं, नुसतं ओढत जाणं उरलं.

हे सगळं मी किनाऱ्याकडे येणारा वारा धरून बोललो. वारा बाजूने असेल, किनाऱ्याला समांतर, तर चित्र बदलतं. त्याच १८ नॉटमध्ये तुम्ही १० नॉटने किनाऱ्याकडे निघालात तर आता दोन्ही वेग काटकोनात आहेत, पायथागोरस लावा, अंगाला लागणारा वारा २० नॉटच्या वर जातो! दोरी ताठच. मग वळून लाटेच्या भिंतीवरून वाऱ्याच्या दिशेने पळायला लागलात की तो १३ नॉटच्या आसपास येतो, ओढ निम्मी, म्हणजे हवी तशी. म्हणून लाटांसाठी प्रसिद्ध जागा बघा, वारा बाजूचा किंवा जमिनीकडून येणारा असतो. केप व्हर्देमधल्या साल बेटावर पोन्ता प्रेता आहे, तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, काईट तुमच्या मागे समुद्रावर असतो, लाटेचा चेहरा वाऱ्याने इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होतो. पण काही बिघडलं तर वारा घेऊन जाणार अटलांटिकमध्ये, आणि किनारा खडकाळ. मॉरिशसचं ल मोर्न हे दुसरं, नैर्ऋत्य कोपऱ्यातला ५५६ मीटरचा डोंगर, समोर रीफ म्हणजे पाण्याखालचा प्रवाळाचा कट्टा, त्यावर वन आय नावाची, स्वाराच्या डावीकडे फुटत जाणारी लाट, आग्नेयेचे व्यापारी वारे डोंगराला वळसा घालून येतात. मॉरिशसमध्ये पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्या दारात ही लाट आहे याचा मला उगाचच हेवा वाटतो. तर अशा जागी जाणाऱ्याला ड्रिफ्ट थोडा कमी असला तरी चालतो, त्याला काईट चटकन वळणारा हवा. मोरजीसारख्या ठिकाणी जाणाऱ्याला आधी ड्रिफ्ट. तुमच्या किनाऱ्यावर वारा कुठून येतो हे न विचारता जो दुकानदार काईट सुचवतो त्याच्याकडून घेऊ नका.

वळण्याबद्दल एवढंच, दोन प्रकार असतात. काही काईट मोठा गोल काढत वळतात आणि वळताना जोरात ओढतात, काही स्वतःच्या टोकाभोवती गर्रकन फिरतात आणि फार ओढत नाहीत. लाटेला दुसरा. दोऱ्या २४ ऐवजी २० मीटरच्या लावल्या तर प्रतिसाद आणखी लवकर येतो, हा सगळ्यात स्वस्त बदल आहे, मी हा आधी केला असता तर बरं झालं असतं.

आणि साइज. ओढ म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वाऱ्याचा वर्ग, त्यामुळे २० नॉटला ९ मीटर बरोबर बसत असेल तर कागदावर २५ नॉटला पावणेसहा लागेल आणि १५ नॉटला १६. प्रत्यक्षात कुणी १६ मीटरचं धूड घेऊन लाटेत जात नाही आणि गेलाच तर दुसऱ्यांदा जात नाही, ते वळेपर्यंत लाट फुटून जाते. सर्फबोर्ड तरंगतो चांगला आणि त्याची कड पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे ट्विन-टिपवर, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या नेहमीच्या काईटबोर्डवर, वापरता त्यापेक्षा एक साइज लहान काईट पुरतो. लहान काईट एका जागी ठेवला तर कमी ओढतो, आणि ओढ हवी असेल तेव्हा वर-खाली हलवला की स्वतःच्या वेगाने स्वतःचा वारा तयार करतो. म्हणजे लाटेवर गप्प, लाटेबाहेर परत जाताना कामाला. मला आता ९ आणि ७ एवढेच दोन पुरतात, वजन ७४ किलो.

घेण्याआधी एक परीक्षा आहे, पैसे लागत नाहीत. मोकळ्या किनाऱ्यावर हलक्या वाऱ्यात, आजूबाजूला माणसं नसताना, काईट आकाशात बाजूला अर्ध्या उंचीवर ठेवायचा, बार पुढे ढकलायचा आणि सरळ काईटच्या दिशेने भराभर चालत जायचं, नजर त्याच्या नाकावर. मी तीन स्ट्रटचा नऊ मीटर असा बघितला, तो शेपटीवर बसल्यासारखा मागे मागे सरकत गेला, दोरीला पोट आलं तरी नाक वरच. मग हौसेने माझा जुना बारा मीटर पण लावून बघितला. सहावं पाऊल टाकलं आणि तो वाळूत नाकावर.