लुनेनबर्ग : शिडाच्या जहाजांचा वारसा आणि त्याचे जतन

लुनेनबर्ग हे कॅनडाच्या नोव्हा स्कोशा प्रांतातील अटलांटिक किनाऱ्यावरचे लहान बंदर असून लाकडी जहाजांची बांधणी आणि खोल समुद्रातील कॉड मासेमारी यांसाठी ते ओळखले जाते. ब्रिटिशांनी १७५३ मध्ये ते वसवले आणि जर्मनी, स्वित्झर्लंड व फ्रान्समधील माँबेलियार येथून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना तेथे जमिनी दिल्या. गावाचा काटकोनी आराखडा जागा न पाहताच आखला असावा असे वाटते, कारण टेकडीचा चढ कितीही उभा असला तरी रस्ते सरळच गेले आहेत. तो जवळजवळ जसाच्या तसा टिकल्यामुळे जुन्या गावाचा १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शेतीसाठी आलेले हे लोक पुढे समुद्राकडे वळले. येथील दोन डोलकाठ्यांची स्कूनर जहाजे ग्रँड बँक्स या उथळ सागरी पट्ट्यावर जाऊन डोरी नावाच्या सपाट तळाच्या होड्या पाण्यात सोडत. डोरीतील दोघे जण गळ बांधलेली लांब दोरी टाकून कॉड पकडत. बसण्याच्या आडव्या फळ्या काढता येत असल्याने या होड्या डेकवर एकात एक रचून ठेवता येत. मासा जहाजावरच चिरून मिठात घालत, किनाऱ्यावर वाळवत आणि त्यातला बराचसा वेस्ट इंडीजला पाठवत. १९२६ व १९२७ च्या ऑगस्टमधील वादळांत सेबल बेटाजवळ येथील जहाजे खलाशांसह बुडाली. समुद्रात गेलेल्यांची नावे बंदरावरच्या स्मारकात काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत.

१९२१ मध्ये स्मिथ अँड रूलँड यांच्या गोदीत बांधलेले ‘ब्लूनोज’ हे मासेमारीही करी आणि शर्यतीही जिंकी. कप्तान अँगस वॉल्टर्स यांच्या हाताखाली त्याने मासेमारी जहाजांचा आंतरराष्ट्रीय चषक मिळवला व राखला. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून स्कूनरचे चित्र आहे. मूळ जहाज मात्र विकले गेले आणि १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आदळून फुटले.

जतनाच्या दृष्टीने इमारतींचे काम तुलनेने सोपे ठरले. दारावर पुढे झुकलेल्या, ‘लुनेनबर्ग बंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिडक्यांची लाकडी घरे आजही राहती आहेत, आणि २००१ मध्ये आगीत सापडलेले सेंट जॉन्स चर्च २००५ पर्यंत पुन्हा उभे राहिले. जहाजांचे तसे नाही, कारण ती चालवणारी माणसेही लागतात. आता मत्स्यव्यवसाय संग्रहालयाच्या धक्क्याला असलेले १९३८ चे ‘थेरेसा ई. कॉनर’ हे स्कूनर १९६३ मध्ये डोरी घेऊन मासेमारीला निघाले होते, पण पुरेसे खलाशी न मिळाल्याने परत फिरले. त्याच वर्षी ‘ब्लूनोज २’ या प्रतिकृतीचे जलावतरण झाले. २०१० नंतरच्या पुनर्बांधणीत तिचा इतका भाग नवा बसवण्यात आला की ती तीच नौका मानावी का, असा वाद उद्भवला. त्या वेळी बसवलेले पोलादी सुकाणू फार जड ठरल्यामुळे पुढे त्याच्या जागी लाकडी सुकाणू बसवावे लागले.