पोर्तो रिको: वादळानं नेलेलं घर, सरकारी मदत आणि मालकीचा पुरावा

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगानं पोर्तो रिको या कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटावर याबुकोआ गावापाशी धडकलं. त्यानंतर कितीतरी महिने बेटावरची हजारो घरं निळ्या ताडपत्रीखाली होती. मदतीचे हजारो अर्ज फेटाळले गेले, कारण घर आपलंच आहे हे अर्जदारांना कागदावर दाखवता आलं नाही. बेटावरची जवळपास निम्मी घरं परवाना किंवा नोंदणीशिवाय उभी राहिली आहेत, असा तिथल्या सरकारचाच अंदाज होता. आजोबांच्या जागेवर वडिलांनी खोल्या वाढवल्या, मुलानं वर पत्रे घातले, पण सरकारदरबारी नाव आजोबांचंच राहिलं. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची राहिली की काय होतं, हे ठाऊक असलेल्यांना ही अडचण लगेच समजेल.

पहिला टप्पा: फेमाची तातडीची मदत

फेमा ही अमेरिकेची संघीय, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती संस्था. आपत्ती जाहीर झाली की साधारण ६० दिवसांत नोंदणी करावी लागते. घरातली निदान एक व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा पात्र स्थलांतरित असावी (पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून नागरिकच आहेत), वादळाच्या वेळी ते घर राहतं असावं आणि नुकसान विम्यातून भरून निघालेलं नसावं. ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार प्रत्येकाला देतं तो ओळख क्रमांक), बँक खात्याचा तपशील आणि विमा असेल तर कंपनीचं पत्र जोडायचं. ही रक्कम डागडुजीपुरतीच असते. २०१७ साली एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर मिळू शकत होते.

खरी अडचण मालकीच्या पुराव्याची. पोर्तो रिकोच्या कायद्यात वारस हाही मालकच, पण फेमा खरेदीखत मागत राहिली. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या विधी-साहाय्य संस्थांच्या वकिलांनी पाठपुरावा करून एक साधं प्रतिज्ञापत्र मान्य करून घेतलं. त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही. घर कसं मिळालं, किती वर्षं राहतोय, हे लिहून खोटं निघाल्यास शिक्षा मान्य असल्याची सही करायची. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांच्यापर्यंत मात्र ते नीट पोहोचवलंच गेलं नाही, आणि हे अक्षम्य आहे.

२०२१ मध्ये फेमानं नियमच सैल केले. आता मालकीसाठी मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या किंवा सरकारी अधिकाऱ्याचं पत्रही चालतं. वास्तव्यासाठी शाळेचं पत्र किंवा गाडीची नोंदणी चालते. वारसाहक्काच्या घरासाठी हाताशी काहीच नसेल, तर शेवटचा मार्ग म्हणून स्वतःचं लेखी निवेदनही घेतात. म्हणून सिमेंट-पत्र्याची पावती कधीही टाकू नये. अर्ज नाकारला गेला तर पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं, आणि ते करावंच. पुष्कळदा एखादा कागद कमी असल्यानंच नकार आलेला असतो.

दुसरा टप्पा: आर-३

दुरुस्ती, पुनर्बांधणी किंवा स्थलांतर (इंग्रजीत तिन्ही शब्द ‘आर’नं सुरू होतात, म्हणून आर-३) अशी ही योजना पोर्तो रिकोच्या गृहनिर्माण विभागानं संघीय निधीतून चालवली. अर्ज २०१९ पासून घेतले; ती नोंदणी केव्हाच बंद झाली आहे. कुटुंबाचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत असावं, ही मुख्य अट. पगाराच्या चिठ्ठ्या किंवा कर-विवरणपत्र आणि वादळाच्या काळातली वीज-पाण्याची बिलं मागितली जात. फेमा किंवा विम्याकडून आधी मिळालेले पैसे वजा होत, कारण एकाच नुकसानीसाठी दोनदा मदत देता येत नाही. छाननीनंतर घराची पाहणी आणि पर्यावरण तपासणी. दुरुस्तीची मर्यादा ६०,००० डॉलर. नुकसान त्याहून मोठं असेल तर नवं घर किंवा दुसऱ्या जागी स्थलांतर. पैसे कुटुंबाच्या हातात न देता योजना थेट कंत्राटदाराला देई.

बांधकामात काय बघायचं

वादळी वारा छपराला खालून उचलतो. त्यामुळे प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीच्या माथ्याशी जखडलेला हवा आणि भिंतीतली सळई थेट पायापर्यंत गेलेली हवी. पट्टीला जितकी भोकं ठरवून दिलेली असतात, तितके खिळे ठोकलेले आहेत का, हे घरच्यांनी आढं झाकण्याआधीच शिडीवर चढून मोजावं. नंतर ते दिसत नाही. घर पूरक्षेत्रात असेल तर संघीय मदत घेतल्यावर पूरविमा चालू ठेवावाच लागतो. तो बंद पडला तर पुढच्या पुरात त्या घराच्या दुरुस्तीसाठी पुन्हा मदत मिळत नाही.