गुण्या आणि पाट: समानता कुठे, समन्याय कुठे

फिटिंग शॉपमध्ये नव्या बॅचला पहिल्याच दिवशी एक गोष्ट करायला सांगतात. व्हाइसजवळ (लोखंड पकडून ठेवणाऱ्या शिकंजाजवळ) ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीला टेकवायची आणि कोपर व्हाइसच्या जबड्याला लागतं का ते बघायचं. लागलं तर उंची बरोबर. व्हाइस उंच असेल तर कानस खांद्याने रेटावी लागते, खाली असेल तर दुपारपर्यंत कंबर धरते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या तंत्रनिकेतनात मी वर्कशॉपला नोकरी केली, तिथली बेंचं सगळी एकाच मापाची. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साडेपाच फुटी मुलगा असणार. बरीच वर्षं ते खपून गेलं, कारण येणारे बहुतेक तसेच होते. पुढे मुली येऊ लागल्या, खाडीपलीकडच्या नि घाटाखालच्या वाड्यांमधली लहान चणीची मुलं येऊ लागली. त्यातली एक मुलगी चवड्यांवर उभी राहून कानस मारायची. जॉब, म्हणजे कानसायला दिलेला लोखंडाचा तुकडा, दर वेळी मधे फुगलेला, कडांना उतरता. आपल्याला हे जमणारच नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मी सुतारशॉपमधून चार इंच उंचीचा पाट करून आणला. आठवड्याभरात जॉब सपाट यायला लागला.

माझे एक सहकारी म्हणाले, "तिला एकटीला पाट? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना सारखं पाहिजे."

माणूस वाईट नव्हता. पण दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच शब्दात कोंबल्या होत्या, आणि तंत्रशिक्षणात ही गल्लत मी इतकी वर्षं पाहिली आहे की आता ती सोडवून लिहावीशी वाटते. समानता म्हणजे सगळ्यांना एकच नियम, एकच वाटप. समन्याय म्हणजे कोण कुठे उभा आहे ते पाहून केलेली तजवीज. 'समन्यायी' हा शब्द आपल्याला धरणांच्या भांडणांमुळे माहीत झाला. वरच्या धरणात पाणी आणि खालचा कोरडा, अशा वेळी 'ज्याच्या दारात त्याचं पाणी' म्हणून भागत नाही, हे पाण्यापुरतं आपण मान्य केलं आहे. कॉलेजचा विषय निघाला की मात्र दोन्हींना 'समता' म्हणून मोकळे होतो.

गंमत म्हणजे आपल्या संविधानात या दोन्ही गोष्टी एकाच कलमात शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यातली दुसरी आली तीच मुळी वैद्यकीय आणि इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रवेशावरून. मद्रास प्रांतात जागा जातीधर्मानुसार वाटल्या जात. दर १४ जागांमध्ये ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, मुसलमानांना १ आणि अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना मिळून १. चंपकम दोराईराजन यांनी वैद्यकीय आणि सी. आर. श्रीनिवासन यांनी इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ही वाटणी रद्द केली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ ला चौथं पोटकलम जोडलं गेलं. पहिलं पोटकलम म्हणतं, भेदभाव करायचा नाही. चौथं म्हणतं, मागासलेल्यांसाठी विशेष तरतूद करायला या कलमाची आडकाठी नाही. कॉलेजातलं आरक्षण याच पोटकलमाच्या आधाराने उभं राहिलं. पण ते फाटकापर्यंतचं काम करतं. फाटकाच्या आत व्हाइसची उंची काय आहे, ते त्याला ठाऊक नसतं.

नुसतं खुलं असणं म्हणजे पोचणं नव्हे, हे कोकणाला तरी वेगळं शिकवायची गरज नाही. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर समानता पूर्ण झाली. पाणी मात्र अस्पृश्यांपैकी कुणालाच घेता आलं नाही, ते २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर उतरेपर्यंत. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. त्याच महाडपासून जवळ, लोणेऱ्याला, आज बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना पाटी दिसते तेव्हा मला ठराव आणि पाणी यांमधली ती तीन वर्षं आठवतात.

दुसरं उदाहरण लांबचं, पण आमच्या धंद्याच्या जवळचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त लेबर विभागात घेत. त्या विभागातला सगळ्यांत मोठा पगार इतर विभागांतल्या सगळ्यांत लहान पगाराहून कमी. वंशभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा नोकऱ्यांना लागू झाला २ जुलै १९६५ ला. त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या विभागांसाठी हायस्कूलच्या दाखल्याच्या जोडीला दोन लेखी चाचण्या आणल्या. काळे-गोरे सगळ्यांना सारख्या. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या, हलक्या शाळांत घातलं, त्यांच्यापुढे तोच दाखला भिंत होऊन उभा राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात हे बेकायदा ठरवलं, आणि निकालपत्रात चक्क कोल्हा-करकोच्याची गोष्ट आली. आपण ती पहिली-दुसरीत ऐकतो: कोल्हा करकोच्याला जेवायला बोलावतो आणि वाढतो पसरट ताटलीत. वाढणं सारखंच, फक्त एकाचीच चोच उपाशी.

या निकालातली एक गोष्ट लोक विसरतात. न्यायालयाने चाचण्याच नकोत असं म्हटलं नाही. चाचणी घ्या, पण ती त्या कामाची मोजणारी असली पाहिजे, असं म्हटलं. वंश आणि जात एक नव्हेत, हे मला मान्य आहे. तरी वर्कशॉपच्या माणसाला या वाक्यात आपलं काहीतरी सापडतं.

ते असं. पाटावर उभी राहिलेल्या मुलीचा जॉब मी तपासला तो त्याच गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने), माप घ्यायच्या त्याच व्हर्नियरने. नळीला डोळा लावल्यासारखा गुण्या उजेडात धरायचा, पात्याखालून फट दिसली तर जॉब परत. यात सूट नाही. माझ्या मते तंत्रशिक्षणात समानतेची जागा गुण्यापाशी आहे आणि समन्यायाची जागा पाटापाशी. भांडण होतं ते या दोघांच्या जागा आपण उलट करतो म्हणून. उभं राहायला सगळ्यांना एकच फरशी देतो, आणि मोजताना गुण्या सैल धरतो.

सैल धरणं कसं, तर ओरलला मागास वर्गातला मुलगा समोर आला की काही परीक्षक दोन सोपे प्रश्न विचारून हात हलवतात. "जाऊ दे हो, याला कुठे पुढे जमणार आहे, पास करून टाका." करणाऱ्याला वाटतं, आपण उपकार केले. मुलाला कळतं, आपल्याकडून कुणाची अपेक्षाच नाही. मीही नोकरीच्या सुरुवातीला हे केलं आहे. एका कातकरी मुलाचा जॉब गुण्यात बसत नसताना सही केली. तो जॉब घेऊन तसाच उभा राहिला नि म्हणाला, "सर, फट हाय ना." मी लोखंडी पट्टीचा दुसरा तुकडा कापून दिला, त्याने जॉब पुन्हा केला. त्या दिवसापासून मी अशी सही केली नाही.

आता त्या मुलाला खरा पाट कुठे हवा होता, तेही सांगतो. कागदात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. ज्याच्या पणजोबाचं नाव शाळेच्या रजिस्टरात किंवा सातबाऱ्यावर आहे, त्याला दोन खेपा. ज्याच्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस तोच, आणि जमीन कधी नव्हतीच, त्याने कुठलं रजिस्टर आणायचं? प्रवेशाची मुदत मात्र दोघांना एकच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा दाखले, मार्कशीट, ड्रॉइंग शीट सगळं चिखलात गेलं. त्या वेळी स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं नाही की सगळ्यांना सारखी मुदत पाहिजे. जो तो म्हणत होता, पोरांची कागदपत्रं गेलीत, सांभाळून घ्या. म्हणजे समन्याय आपल्याला कळतो, पूर डोळ्यांनी दिसला की. ज्या घरात कागद कधी आलाच नाही, त्या घरचा मुलगा खिडकीशी आला की तोच क्लार्क म्हणतो, "आधी का नाही काढलास?"

आणखी एक जागा आहे, तिथे समानतेचा भास सगळ्यांत पक्का असतो: लेथ, म्हणजे जॉब फिरवत कापायचं यंत्र. एका लेथवर पाच जणांचा गट. यंत्र सगळ्यांचं. पण दोन तास नीट बघत राहा. चाकं फिरवतो तो, ज्याच्या काकांचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. दुसरा त्याला टूल देतो. मुलगी रीडिंग लिहून घेते, कारण 'हिचं अक्षर चांगलं'. एक जण कॉटन वेस्टने, म्हणजे सुताच्या गुंत्याने, यंत्राचा बेड पुसतो आणि सगळ्यांचा चहा सांगून येतो. तो कोण असतो, ते मी सांगायला नको. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबातला एक मुलगा आमच्याकडे होता, स्वच्छ मराठी बोलायचा, दोन वर्षं त्याला नावाने कुणी हाक मारली नाही. "ए बहादूर, वेस्ट आण." प्रत्येकाच्या जर्नलवर तीच आकृती, प्रत्येकाला टर्मवर्कचे तेच मार्क. हजेरीही शंभर टक्के. आणि लेथ चालवायला शिकला एक.

यावर उपाय भाषणाचा नाही, घड्याळाचा आहे. मी पाळ्या लावल्या: पंधरा मिनिटं झाली की हँडव्हीलवरचा माणूस बदलायचा, पुसायची पाळीही फिरती. पहिले काही दिवस काकावाल्यांनी तोंडं पाडली. आता, यात मी कुणाला जादा दिलं? नाही. ही समानताच, पण ती आपोआप आली नाही, मधे उभं राहून आणावी लागली. इथे दोन शब्दांमधली रेघ जराशी पुसट होते, ते मला मान्य आहे.

बाकीचं थोडक्यात. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना, पण वाडीची एसटी पावसात दरड आली की येत नाही, हे हजेरीपत्रकाला कळत नाही. शेवटचं प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि वस्तीची गाडी पाचलाच सुटते, तर त्या बॅचचं प्रॅक्टिकल सकाळी घ्यावं. याला समिती लागत नाही. वेळापत्रक लावणाऱ्याने एसटीचं टाइमटेबल शेजारी ठेवलं की पुरे. भाषेचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्यांना मराठीत समजावलं की आपण खूश. पण दापोली-खेडकडची उर्दू माध्यमाची मुलं? त्यांना बिचाऱ्यांना इंग्रजी परकी आणि तांत्रिक मराठीही परकी. तिथे मी फळ्यावर आकृतीच जास्त काढायचो.

पाट द्यायचा कसा, हेही शिकावं लागतं. भर वर्गात शिपाई नोटीस घेऊन येतो आणि मोठ्याने वाचतो: एससी-एसटीच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसाठी ऑफिसात यावं. चाळीस डोळे वळतात. मुलं उठतच नाहीत. मग ऑफिस म्हणतं, यांनाच गरज नाही. आम्ही मोबाइलवर अर्ज क्रमांक पाठवायला लागलो, जात कुठेच न लिहिता. अर्ज वेळेत यायला लागले.

त्या पाटाचं पुढे काय झालं ते राहिलंच. घोडं मारल्याचं विचारणारे ते सहकारी नंतर शॉपचे प्रमुख झाले. एकदा त्यांची कंबर धरली, आणि उंच मुलांना वाकून वाकून काय होतं ते त्यांना आतून कळलं. नव्या बेंचांचं मागणीपत्र निघालं तेव्हा त्यांनी स्वतः तीन वेगवेगळ्या उंच्या लिहिल्या, खाली कोपराची आकृतीसुद्धा काढली. मंजुरी आली ती एकाच उंचीची. "सर्व बेंच एकसमान असावेत," असा शेरा. मग त्यांनीच सुतारशॉपला सांगून आणखी तीन पाट करून घेतले.