धर्मादाय सोडत, टेनेसी

धर्मादाय सोडत, टेनेसी : अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ना-नफा संस्थांना निधी उभारण्यासाठी वर्षातून एकदा काढता येणारी सोडत (रॅफल). खेळ साधाच आहे. तिकिटे विकायची, त्यांतले एक उचलायचे, ज्याचे निघेल त्याला बक्षीस. परवानगी मिळवणे मात्र साधे नाही. ती राज्याचे विधिमंडळ देते आणि त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. शाळेने किंवा अनाथालयाने काढलेल्या सोडतीसाठी घटनादुरुस्तीला शोभेल इतके बहुमत का, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर राज्याच्या इतिहासात आहे.

टेनेसीत १८३५ सालच्या राज्यघटनेपासून लॉटरीला बंदी होती. कायद्याच्या दृष्टीने पैसे मोजले, निकाल नशिबावर सोडला आणि बक्षीस ठेवले, की ती लॉटरी. जमलेला पैसा रुग्णालयाला जातो की आयोजकाच्या खिशात, याने व्याख्या बदलत नाही. तरीही १९७१ मध्ये विधिमंडळाने धर्मादाय संस्थांना बिंगो (आपल्याकडच्या हाऊजी किंवा तांबोलासारखा आकड्यांचा खेळ) खेळवण्याची मुभा दिली. पुढे या मुभेचा धंदा झाला. कागदोपत्री संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या नावाने व्यावसायिक मंडळी बिंगोचे अड्डे चालवू लागली आणि परवाने मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी लाच दिली जाऊ लागली.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयने ‘ऑपरेशन रॉकी टॉप’ या नावाने याची चौकशी केली. लोकप्रतिनिधी, मध्यस्थ आणि बिंगोचालक तिच्या जाळ्यात सापडले. अनेकांना शिक्षा झाल्या. बिंगोवर देखरेख राज्य सचिवांच्या कार्यालयाची होती. तत्कालीन राज्य सचिव जेन्ट्री क्रॉवेल यांनी डिसेंबर १९८९ मध्ये आत्महत्या केली. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बिंगो ही लॉटरीच आहे असा निर्वाळा देऊन १९७१ चा कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेने जे नाकारले ते देण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्यानंतरची काही वर्षे टेनेसीत चर्चने किंवा शाळेने रॅफल काढणे काटेकोरपणे पाहिले तर बेकायदाच होते.

वाट मोकळी झाली ती दुसऱ्याच कारणाने. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारी लॉटरी असावी, यासाठी राज्याच्या सिनेटचे सदस्य स्टीव्ह कोहेन अनेक वर्षे झगडत होते. नोव्हेंबर २००२ मध्ये मतदारांनी त्यासाठीची घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २० जानेवारी २००४ रोजी लॉटरीची पहिली तिकिटे विकली गेली. प्रचार सगळा या लॉटरीचा झाला. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती : केंद्रीय करकायद्याच्या कलम ५०१ (सी) (३) खालील, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थांना विधिमंडळ सोडतीच्या वार्षिक कार्यक्रमाची परवानगी देऊ शकेल, मात्र प्रत्येक सभागृहाच्या एकूण निर्वाचित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी बाजूने मत दिले पाहिजे. ‘एकूण सदस्य’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रतिनिधिगृहात ९९ सदस्य असल्याने ६६ आणि सिनेटमध्ये ३३ असल्याने २२ मते लागतात. गैरहजर राहणाऱ्याचे किंवा तटस्थ बसणाऱ्याचे वजन विरोधी पारड्यातच पडते.

तपशील २००४ च्या धर्मादाय खेळविषयक कायद्याने भरले. संस्थेने राज्य सचिवांकडे अर्ज करायचा, कार्यक्रमाची तारीख, ठिकाण आणि खेळाचा प्रकार कळवायचा. छाननीत उतरलेल्या संस्थांची एकत्रित यादी विधिमंडळापुढे जाते आणि मतदान यादीवर होते. ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत जुना गैरव्यवहार फोफावला, अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात येतात, हे गमतीचे आहे. नावांची लांबलचक यादी एका झटक्यात मंजूर करताना एकेका संस्थेची पारख सभागृहात होत असेल असे मानणे कठीण. खरी पारख छाननीतच होते. दोन-तृतीयांशाची अट प्रामुख्याने वेसण म्हणून उपयोगी पडते. एखाद्या आमदाराला कोणाला तरी गुपचूप परवाना मिळवून देणे तिने अवघड केले.

परवानगी असलेले खेळही मोजकेच आहेत. रॅफल आहे, उलटी रॅफल आहे, म्हणजे तिकिटे एकेक करून बाद होत जातात आणि शेवटी उरेल ते जिंकते. केकवॉकही चालतो. तो आपल्या संगीत खुर्चीचा भाऊबंद : आकडे लिहिलेल्या वर्तुळावरून लोक गाण्याच्या तालावर चालतात, गाणे थांबले की एक आकडा काढतात आणि त्यावर उभा असलेल्याला केक मिळतो. नंबर घातलेली रबरी बदके पाण्यात सोडून लावलेली शर्यतही रॅफलच्याच जातीची. बिंगो मात्र वर्ज्य आहे, तसेच पोकर आणि कॅसिनोतले इतर खेळही.

इतर राज्यांच्या रीती निराळ्या आहेत. कॅलिफोर्नियात मार्च २००० मध्ये मतदारांनी धर्मादाय रॅफलला मान्यता दिली; तेथे संस्थेला अ‍ॅटर्नी जनरलकडे नोंदणी करावी लागते आणि एकूण जमेपैकी किमान ९० टक्के रक्कम सत्कार्यावरच खर्च व्हावी लागते, त्यामुळे बक्षिसे बहुधा देणगीतून मिळवावी लागतात. जॉर्जियात परवाना काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, देतो. टेक्सासमध्ये १९८९ च्या घटनादुरुस्तीनंतर अटी पाळणाऱ्या संस्थेला वेगळा परवाना लागतच नाही. युटा आणि हवाई येथे जुगाराच्या बंदीतून अशा सोडतींचीही सुटका नाही.

तिकीट घेणाऱ्याची एक समजूत सर्वत्र चुकते. कार्य धर्मादाय असले तरी तिकिटाची किंमत केंद्रीय आयकरात देणगी म्हणून वजा करता येत नाही, कारण त्या पैशांत जिंकण्याची संधी विकत घेतलेली असते. बक्षीस मात्र उत्पन्नात धरले जाते.

२०१४ मध्ये आणखी एका दुरुस्तीने टेनेसीतील माजी सैनिकांच्या ५०१ (सी) (१९) खालील संस्थांनाही हा मार्ग खुला झाला. बिंगो प्रकरणात तपास यंत्रणेसाठी अंगावर ध्वनिमुद्रक लपवून वावरलेले आमदार रँडी मॅकनॅली २०१७ मध्ये सिनेटचे अध्यक्ष झाले.